सायकल वाटली, शिकवणार कोण?

नाशिक शहराचे नाव गेल्या दशकात सायकलीशी जोडले गेले, याचे श्रेय काही जिद्दी माणसांना आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. भारतीय संघाने ती पुरी करण्याची ती पहिलीच वेळ होती. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पुरी केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हापासून पहाटेच्या वेळी गंगापूर रोडवर आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर शिरस्त्राण घातलेल्या सायकलस्वारांचे थवे दिसतात. ही गोष्ट आनंदाची आहे आणि तिच्याविषयी कुरकुर करण्याचे काही कारण नाही.

परंतु त्याच पहाटे, त्याच रस्त्याच्या कडेने एक बाई झपझप चाललेली असते. ती वस्तीतून निघून तीन किलोमीटरवरच्या बंगल्यांत धुण्याभांड्याच्या कामाला जाते. चालत तिला चाळीस मिनिटे लागतात. साध्या सायकलीवर सावकाश गेली तरी पंधरा लागतील. जाण्यायेण्यात दिवसाला पन्नास मिनिटे, म्हणजे महिन्याच्या पंचवीस खाड्यांविना दिवसांत सुमारे वीस तास वाचतील. वीस तास म्हणजे आणखी एका घरचे काम, किंवा मुलाच्या अभ्यासाशेजारी बसणे, किंवा नुसती झोप. जुनी सायकल विकत घेणे तिला अगदीच अशक्य नाही. अनेक घरांत मुलाची सायकल भिंतीला टेकून पडलेलीही असते. अडचण वेगळीच आहे. तिला सायकल येत नाही, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती शिकवणारी कोणतीही संस्था या शहरात तिच्या दारापर्यंत आलेली नाही.

सायकल चालवणे हे पोहण्यासारखे लहानपणी आपोआप येणारे कौशल्य आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. ते कौशल्य ज्यांना आले त्यांना ते कसे आले, हे पाहिले पाहिजे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल विकण्याबरोबर ती चालवायला शिकवणे हाही धंद्याचाच भाग होता. वाहन नवे होते, महाग होते आणि गिऱ्हाईक प्रतिष्ठित होते. म्हणून शिकवणीला किंमत होती. पुढे सायकल स्वस्त झाली, कामगाराची झाली, आणि शिकवणी रस्त्यावर आली. गल्लीच्या तोंडाशी तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान हीच गरिबांची शाळा होती. चार पोरे पैसे जमवून एक तास सायकल घेत, दांडीखालून पाय घालून ती चालवत, गुडघे फोडून घेत आणि आठवडाभरात तयार होत. या शाळेत फी थोडी होती, पण प्रवेश सर्वांना नव्हता. मुली तिथे क्वचितच गेल्या. ज्या मध्यमवर्गीय मुलींना सायकल आली, त्यांना घरात वडील किंवा भाऊ शिकवणारा होता. कष्टकऱ्यांच्या घरांत त्याच वयात मुलीच्या कडेवर धाकटे भावंड होते.

१९६०च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची झाली, आणि पाळी सुटण्याच्या वेळी सायकलींचा लोंढा रस्त्यावर येणे हे नाशिकचे नेहमीचे दृश्य बनले. ते पुरुषांचे दृश्य होते. नंतर स्कूटर-मोटारसायकली आल्या, भाड्याच्या सायकलींची दुकाने एकामागून एक बंद झाली आणि मुलग्यांचीही ती शाळा मोडली. तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही. आज जे शिकतात ते ज्यांच्या सोसायटीला मोकळे आवार आहे आणि ज्यांच्या आईबापांना रविवारी फुरसत आहे, तेच. सायकल हे गरिबांचे वाहन आहे असे म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. पण ती शिकण्याची सोय मात्र हळूहळू सुस्थितांकडे सरकली आहे. २०११च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १३ लोक कामाला सायकलीने जात असल्याचे आढळले. त्यांत स्त्रिया फार थोड्या होत्या, हे सांगायला कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे पुरेसे आहे.

प्रौढ स्त्रीला सायकल शिकवता येते का, या शंकेचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरतेची मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने तिच्यात सायकल शिकणे हा एक पाठच घालण्यात आला. अक्षर आणि सायकल या दोन्ही गोष्टी स्त्रीला स्वतःच्या पायावर उभ्या करतात, असा त्यामागचा साधा विचार होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या मोहिमेचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्या होत्या, गावच्या परिचारिका आणि बालवाडीच्या शिक्षिका होत्या. त्यांपैकी अनेकींनी मधली दांडी असलेली पुरुषांची सायकलच पसंत केली, कारण त्या दांडीवर मुलाला बसवता येते. टिंगल झाली, टोमणे झाले. पण मोहिमेच्या पाठबळामुळे एकटीवर येणारे दडपण हजारोंमध्ये वाटले गेले. शिकणे सार्वजनिक झाले की लाज खाजगी राहत नाही, हा त्या जिल्ह्याचा खरा धडा आहे.

शासनांनी मात्र त्यातून निम्माच धडा घेतला. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या योजनेने माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम प्रामुख्याने दिसला. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ पासून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके त्यात येतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. योजना चांगली आहे आणि तिच्यावर होणारा खर्च थोडाही वाया जाऊ नये, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

या योजनेचा हिशेब खरेदीच्या पावतीपाशी संपतो. मुलीला सायकल चालवता येते का, उतारावर ती थांबवता येते का, आणि पंक्चर झाल्यावर ती पुढे काय करते, हे कोणत्याही रकान्यात येत नाही. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही लिहिलेले असते की टिकाऊ वस्तूला घसारा असतो, आणि देखभालीची तरतूद नसेल तर वस्तू तिच्या आयुष्याच्या निम्म्यातच निकामी होते. कारखानदार यंत्र घेताना ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा दोघांचाही विचार करतो. चौदा वर्षांच्या आदिवासी मुलीच्या हाती यंत्र देताना एवढा विचार करणे शासनाला जड जाऊ नये. पेठ-सुरगाण्याचा रस्ता घाटांचा, पाऊस मुसळधार आणि दुरुस्तीचे दुकान बहुधा बाजाराच्या गावीच. तिथे ब्रेकचा रबर झिजला आणि तो कोणी बदलला नाही, तर पहिल्या अपघातानंतर घरचे सायकल बंद करतात. आणि सायकलीबरोबर पुष्कळदा शाळाही.

म्हणून शिकवायचे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. ते फार नाही. पहिला भाग तोलाचा. शिकणाऱ्याची सीट मागून धरून धावणे ही जुनी पद्धत चुकीची आहे. तीत तोल धरणाऱ्याचा राहतो, बसणाऱ्याचा होत नाही. त्याऐवजी सीट इतकी खाली घ्यावी की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील, आणि दोन्ही पायडले काढून टाकावीत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, एवढे लक्षात ठेवले तर एका पान्ह्याने हे काम पाच मिनिटांत होते. मग हलक्या उताराच्या मैदानावर पायांनी जमीन ढकलत पुढे जायचे, पाय उचलायचे, पुन्हा टेकायचे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वीस पावलांवर ठेवायची, आणि सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हॅण्डल किंचित वळवायचे. भीतीने माणूस नेमके उलट करतो आणि पडतो. पाय उचलून दहा-बारा मीटर जाता आले की पायडले परत बसवावीत. बहुतेक प्रौढ माणसे रोज तास-दीड तास दिला तर थोड्याच दिवसांत एवढे शिकतात. त्यानंतर थांबणे, उतरणे, वळणे आणि एक हात सोडून इशारा देणे, हे क्रमाने यावे. सीट पुढे टप्प्याटप्प्याने वर घ्यावी. खाली गेलेल्या पायडलावर टाच ठेवली असता पाय सरळ होईल इतकी ती उंच असली म्हणजे गुडघे दुखत नाहीत.

दुसरा भाग सुरक्षिततेचा. दोन्ही ब्रेक एकदम, पण हलक्या हाताने लावायचे; पुढच्या चाकाचा ब्रेक एकटाच जोरात दाबला तर उतारावर माणूस पुढे फेकला जातो. पावसात चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक उशिरा पकडतात, म्हणून वेग आधीच कमी ठेवायचा. चालायचे रस्त्याच्या डाव्या बाजूने, पण अगदी कडेच्या खड्ड्यांतून आणि उभ्या मोटारींच्या दारांना घासून नव्हे. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवायचा. वळू पाहणाऱ्या ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या अंगाला कधीही शिरायचे नाही, कारण तिथे असलेला सायकलस्वार चालकाला दिसत नाही. मागे लाल परावर्तक, पुढे दिवा, चालू स्थितीतली घंटी आणि शक्य तर शिरस्त्राण हवे. साडीचा पदर आणि ओढणी खोचलेली असावी आणि चेनवर झाकण असावे. हे साधे नियम आहेत; पण कुणीतरी ते मैदानावर करून घेतल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत.

तिसरा भाग देखभालीचा, आणि स्वातंत्र्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन या तीन गोष्टी पाहण्याची सवय लावावी. हवा किती हवी हे टायरच्या बाजूवर लिहिलेले असते; कमी हवेवर चालवली की पायांना जड जाते आणि ट्यूब चिमटून फाटते. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून गेल्या की रबर बदलायचा. चेन फडक्याने पुसून तिच्या सांध्यांवर तेलाचे थेंब सोडायचे आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून टाकायचे, नाहीतर धूळ चिकटून चेन लवकर झिजते. पंक्चर काढण्यात कोणतीही विद्या दडलेली नाही. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहायचे, ती जागा घासून कोरडी करायची, सोल्यूशन लावून ते सुकू द्यायचे, मग पॅच दाबून बसवायचा. टायरच्या आतून सावधपणे बोट फिरवून काटा काढायला विसरले, तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर होते. ज्या मुलीला हे येते तिला भावाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. आणि ज्या गावात अशा दोन-तीन मुली आहेत, तिथे एक लहानसे दुरुस्तीचे केंद्रही उभे राहू शकते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर भरधाव वाहनांच्या मध्ये नवशिक्या बाईला सायकलवर पाठवणे म्हणजे तिला मृत्यूच्या दारी पाठवणे होय, असे कोणी म्हणेल. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शेकडा सुमारे २० पादचारी होते आणि सुमारे ३ सायकलस्वार. बहुतेक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. तेव्हा नुसते सायकलस्वाराला सावधगिरीचे धडे देऊन थांबणे हे अर्धवटच नव्हे तर अन्यायाचे आहे. मरणाऱ्यालाच शहाणपण शिकवून मारणाऱ्याचा वेग तसाच ठेवण्यासारखे आहे. पण याच आकड्यांकडे पुन्हा पाहावे. आज ती बाई सायकलवर नसली तरी रस्त्यावर आहेच, पायी आहे, आणि पायी चालणाराही तितकाच उघडा आहे. तिला रस्त्यावरून हटवून प्रश्न सुटत नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग गाळून. तिथे सायकलीसाठी वेगळे मार्ग निसर्गतः उगवले नाहीत. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या घोषणेने आईबाप रस्त्यावर आले, चौक अडवले, आणि राज्यकर्त्यांना रस्ते बदलावे लागले. त्याचबरोबर तिथल्या प्राथमिक शाळांतील मुले वाहतुकीची लेखी आणि प्रत्यक्ष सायकलवरची परीक्षा देतात. शिक्षण आणि आंदोलन ही तिथे दोन टोके नव्हती. रस्ता मागायला रस्त्यावर हक्क सांगणारी माणसे लागतात, आणि ज्याला सायकल येत नाही तो सायकलमार्ग मागायला येत नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे म्हटले; ते कागदावरच राहिले याचे एक कारण हेच की त्याची मागणी करणारे संघटित नव्हते. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची मोठी कामे काढण्यात आली. त्या रुंदीकरणात सायकलीला आणि पायी चालणाऱ्याला किती जागा मिळाली, हे मोजपट्टी घेऊन पाहण्याचे काम कोणा तज्ज्ञाचे नाही.

दुसरा आक्षेप असा की शहर आता पसरले आहे. बस हवी, सायकल कशाला? बस हवीच. महापालिकेची ‘सिटीलिंक’ सेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, ती वाढली पाहिजे आणि स्वस्त राहिली पाहिजे. पण बस गल्लीत येत नाही आणि पहाटे पाचला थांब्यापर्यंतचे दोन किलोमीटर पायीच काटावे लागतात. सायकल बसची स्पर्धक नाही, तिची पूरक आहे. विजेच्या दुचाकीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या हप्त्याची आणि मोलकरणीच्या पगाराची तुलना एकदा करून पाहावी.

समाजवादी चळवळीला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या साप्ताहिकाचे नाव घेऊन सायकल क्लब काढला. पाहता पाहता असे क्लब ब्रिटनभर झाले आणि त्यांचे सभासद सुटीच्या दिवशी खेडोपाडी पत्रके व अंक घेऊन जात. जर्मनीत १८९६ मध्ये ‘सॉलिडॅरिटेट’ ही कामगार सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. तिचा स्वतःचा सहकारी सायकल कारखानाही होता. १९३३ मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी घातली. सायकलीवरच्या कामगाराला हिटलरशाही का भ्यायली, याचा विचार करण्यासारखा आहे. ज्याला स्वतःच्या बळावर दहा कोस जाता येते, त्याला सभेला जाण्यापासून रोखणे अवघड असते. हेच आज घरकामगार बाईच्या बाबतीत खरे आहे. संघटनेच्या बैठकीला ती येत नाही, कारण रात्री परत जायला वाहन नसते.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक शाखेने जवळच्या महापालिका शाळेचे मैदान रविवारी सकाळी दोन तास मागून घ्यावे. तीन जुन्या सायकली, दोन पान्हे, एक पंप, पंक्चरचे साहित्य आणि पाण्याची बादली एवढ्यावर दहा जणींचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या शक्यतो स्त्रियाच असाव्यात, आणि पहिल्या वर्गातून शिकलेल्यांनी दुसरा घ्यावा. शहरातील शर्यतपटू सायकलस्वारांनाही बोलवावे. त्यांच्याकडे ज्ञान आहे, आणि पुष्कळांच्या मनात सद्भावही आहे, फक्त वस्तीचा रस्ता त्यांना कोणी दाखवलेला नाही. निवृत्त कामगारांपैकी ज्यांचे आयुष्य यंत्रांवर गेले, त्यांनी दुरुस्तीचा पाठ घ्यावा.

याबरोबर मागण्याही स्पष्ट असाव्यात. मानव विकास कार्यक्रमाच्या सायकलीबरोबर आठ दिवसांचे प्रशिक्षण, एक पंप आणि दुरुस्तीची पेटी मिळावी, आणि दरवर्षी शाळेतच सायकलींची तपासणी व्हावी. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत सातवीपर्यंत मुलगा-मुलगी सर्वांना सायकल यावी, हे शारीरिक शिक्षणाचे उद्दिष्ट ठरावे. शाळा, बाजार आणि कारखान्यांच्या परिसरात वाहनांचा वेग बांधून द्यावा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहिले जावे. औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाळीच्या वेळी सायकलींना सुरक्षित जागा राखावी.

यांतली पहिली गोष्ट येत्या रविवारीच सुरू होऊ शकते. मैदान मागणारा अर्ज एका पानाचा आहे. वस्तीत जाऊन कोणाला शिकायचे आहे अशी नावे लिहून घ्यायला बसले, तर यादी एका पानात मावणार नाही. ती यादी हाती आली की महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे जाताना कार्यकर्त्यांना निवेदनात मोठमोठे शब्द घालावे लागणार नाहीत.